नक्षीकागदावरील चेहरा : मिश्र माध्यमाची एक चिकित्सा

मिश्र माध्यमातील चित्रकलेत घरी सिद्ध केलेल्या नक्षीकागदावर चेहरा रंगविण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. खळीत रंग कालवून, ओल्या थरावरून कंगवा वा स्पंज फिरवून कागद तयार होतो. येथे समीक्षेपुढे मूलभूत प्रश्न उभा राहतो : ही नक्षी चेहऱ्याची पार्श्वभूमी आहे, की त्याची त्वचा?

या संदर्भात दोन पूर्वसूरी लक्षणीय ठरतात. आंरी मातीस यांनी गुआश रंगविलेले कागद कापून १९५२ मध्ये ‘ब्लू न्यूड’ मालिका साकारली. तीत रंगीत कागदच देह होतो. चेहऱ्यावर मात्र डोळे, नाक, ओठ नाहीत. कागदाची सत्ता अबाधित राहते, पण व्यक्ती अनामिक होते. याउलट रोमेअर बेअर्डन (१९११–१९८८) यांनी १९६४ च्या ‘द डव्ह’सारख्या कोलाजांत छापील कागदाच्या विजोड तुकड्यांतून कृष्णवर्णीयांचे चेहरे जुळविले आणि त्यांवर गुआश व पेन्सिल वापरली. तुकड्यांचे सांधे त्यांनी लपविले नाहीत. नागरी हक्कांच्या लढ्याच्या त्या काळात हे सांधेच विखंडित इतिहासाचे निदर्शक ठरतात.

आजच्या अनेक चित्रांत मात्र नक्षीवर पांढरा अपारदर्शक थर देऊन ठरावीक, टपोऱ्या डोळ्यांचा चेहरा काढला जातो. परिणामी कागद केवळ चौकटीपुरता उरतो आणि चेहराही कुणाचाच राहत नाही.

सारांश, कुंचला कोठे थांबवावा, हाच या माध्यमाचा खरा कस होय. गालावर कंगव्याची रेघ तशीच राहू दिली, तरच कागद आणि माणूस परस्परांना अर्थ देतात.