अर्कचित्रे, ऐतिहासिक व्यक्तींची

व्यक्तीच्या चेहऱ्यातील वा देहयष्टीतील वैशिष्ट्यांवर हेतुपुरस्सर अधिक भर देऊन, परंतु साम्य न गमावता, काढलेले चित्र म्हणजे अर्कचित्र. सोळाव्या शतकाच्या अखेरीस बोलोन्या येथील काराच्ची चित्रकारांच्या चित्रशाळेत विरंगुळा म्हणून रुजलेला हा प्रकार पुढे राजकीय टीकेचे साधन बनला. कच्च्या रेखाटनापासून पूर्ण कृतीपर्यंतचा त्याचा प्रवास फ्रान्समध्ये १८३० नंतरच्या काळात विशेष स्पष्टपणे पाहावयास मिळतो.

‘ला कारिकात्यूर’ (१८३०) या साप्ताहिकाचा संस्थापक शार्ल फिलिपाँ (१८००–६२) याच्यावर १८३१ मध्ये राजाच्या अवमानाबद्दल खटला झाला. न्यायालयातच त्याने चार रेखाटने काढली व लूई फिलिपचा गालफुगा चेहरा क्रमाक्रमाने नासपती कसा बनतो, हे दाखविले. साम्य हाच गुन्हा असेल, तर नासपतीलाही दोषी धरावे लागेल, असा त्याचा युक्तिवाद होता. शिक्षा टळली नाही. नासपती मात्र राजाचे चिन्ह होऊन बसली. कल्पना चतुर खरी. पण तीत माणूस उरत नाही, केवळ खूण उरते. ऑनोरे दोम्ये (१८०८–७९) याच्या ‘गार्गांत्युआ’ (१८३१) या चित्रातही हाच उणेपणा आहे. प्रजेचा पैसा गिळणारा अजस्र राजा त्यात दिसतो व रूपक तत्काळ कळते. परंतु चेहऱ्याचा शोध जवळजवळ नाहीच. या चित्राबद्दल दोम्येला सहा महिन्यांची कैद झाली.

त्याची खरी प्रगती मातीने घडविली. १८३२ च्या सुमारास त्याने संसदसदस्यांचे वीतभर उंचीचे अर्धपुतळे कच्च्या मातीत घडवून रंगविण्यास प्रारंभ केला. त्यांतील ३६ उपलब्ध असून ते पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहेत. लोंबणारे ओठ, मागे सरलेले कपाळ, खोल गेलेले डोळे हे आधी बोटांनी दाबून, ओढून पाहिल्यामुळे शिलेवर स्निग्ध खडूने रेखाटताना छायाप्रकाशाला भरीव आधार मिळाला. शिलामुद्रणात चित्र उलटे उमटते, याचेही भान चित्रकाराला ठेवावे लागे. या परिश्रमांचे फळ म्हणजे ‘विधिमंडळाचे पोट’ (१८३४) हे चित्र. त्यात ना राक्षस, ना फळ; बाकांवर ओळीने पेंगणारी, कुजबुजणारी माणसेच आहेत. अतिशयोक्ती इतकी संयत, की ती सत्याचीच एक पायरी वाटते. सप्टेंबर १८३५ च्या कायद्याने चित्रांवर पूर्वनियंत्रण आले व दोम्ये सामाजिक विषयांकडे वळला.

समोरचा माणूस न पाहता काढलेल्या अर्कचित्राचे सामर्थ्य व धोका जेम्स गिलरे (१७५६–१८१५) याच्या नेपोलियनमध्ये दिसतात. थयथयाट करणारा हा बुटका सेनानी इतका प्रभावी ठरला, की सुमारे १६८ सेंमी. म्हणजे तत्कालीन फ्रेंच पुरुषांच्या सरासरीइतकी उंची असलेला नेपोलियन लोकस्मृतीत कायमचा ठेंगणा झाला. येथे अर्काने मूळ द्रव्यच बदलले, आणि इतिहासलेखकांना त्याची दुरुस्ती अद्याप करावी लागते.

मॅक्स बीरबोम (१८७२–१९५६) याची ‘रोझेटी अँड हिज सर्कल’ (१९२२) ही चित्रमालिका याहून सौम्य आहे. रोझेटी १८८२ मध्येच निवर्तला होता. त्यामुळे बीरबोमला इतरांची चित्रे, छायाचित्रे व आठवणी यांवर विसंबणे भाग पडले. परिणामी त्याने व्यक्तीपेक्षा तिच्याभोवतीच्या दंतकथेचेच अर्कचित्र काढले आहे, आणि तेही जाणूनबुजून.