बाबासाहेबांची तीन नाणी आणि न भरणारा अल्बम

(भंडारा येथील व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



पत्रिकेवर विषय लिहिला आहे, ‘आधुनिक स्मारक नाणी आणि संग्राहक’. भारदस्त वाटतो. प्रश्न मात्र साधा आहे. सरकार नाणी काढतच राहणार असेल, तर जमवणाऱ्याने थांबायचं कुठे? आज मी थोडी टीका टांकसाळीवर करणार आहे आणि बरीचशी आपल्यावर, म्हणजे जमवणाऱ्यांवर.

इथे टेबलावर तीन नाणी ठेवली आहेत. तिन्हींवर बाबासाहेब आंबेडकर आहेत. पहिलं १९९० चं, जन्मशताब्दीचं, एक रुपयाचं. दुसरं २०१५ चं, दहा रुपयांचं, दोन धातूंचं. तिसरं त्याच २०१५ चं, १२५ रुपयांचं. हे डबीत आहे. भंडाऱ्यात बोलायचं म्हणून मुद्दाम हीच निवडली. १९५४ मध्ये बाबासाहेब इथून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले, हे इथे कुणाला सांगायला नको. पण नाण्यांच्या विषयात ते दुसऱ्याही वाटेने येतात. १९२३ मध्ये लंडनला त्यांचा रुपयावरचा ग्रंथ निघाला, ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’. चलन काढणाऱ्याच्या हातात किती मोकळीक असावी, हा त्यातला एक मोठा प्रश्न आहे. आपला आजचा प्रश्नही जवळजवळ तोच, फक्त अल्बमाच्या बाजूने.

आता एकेक नाणं बघू.

१९९० चा रुपया जाडजूड आहे, तांबे-निकेलचा. हा कुणी विकत घेतला नाही. किराण्याच्या दुकानातून आला, एस.टी.च्या कंडक्टरकडून आला. ज्याला बाबासाहेब प्रिय त्याने जपून ठेवला, ज्याला गरज होती त्याने खर्च केला. स्मारक म्हणून हे नाणं यशस्वी झालं, कारण ते लोकांच्या हातातून फिरलं. त्या काळात अशी बरीच नाणी निघाली. १९९९ मध्ये ज्ञानेश्वरांचा एक रुपया आणि शिवाजी महाराजांचे दोन रुपये, २००२ मध्ये तुकोबांचे दोन रुपये. शाळकरी पोरगा खाऊच्या पैशातून यातलं एखादं बाजूला ठेवू शकत होता. या छंदात शिरायला फी नव्हती.

दुसरं नाणं दहा रुपयांचं. याची गोष्ट वेगळी. दहाचं नाणं बाजारात आलं २००९ मध्ये. २०११ मध्ये त्यावर रुपयाचं नवं चिन्ह आलं आणि रेषांची मांडणी बदलली. मधूनमधून स्मारक नाणी येतच होती: होमी भाभा, वैष्णोदेवी, संसदेची ६० वर्षं, योग दिन, बाबासाहेब. प्रत्येकाचं चित्र वेगळं. मग अफवा उठली की दहा रेषांचं खरं आणि पंधरा रेषांचं खोटं. पुढे तर कोणतंच नको, असं झालं. आपल्या बाजारातही दहाचं नाणं पुढे केलं की भाजीवाली मावशी म्हणायची, ‘नाणं नाही चालत जी, नोट द्या.’ रिझर्व्ह बँकेला जानेवारी २०१८ मध्ये पत्रक काढून सांगावं लागलं की दहाच्या नाण्यांचे १४ नमुने आहेत आणि चौदाही चालतात. १४४४० हा नंबरही दिला, खात्री करून घेण्यासाठी.

इथे जरा थांबा. चौदा नमुने ही संग्राहकाला मेजवानी वाटते. पण नाण्याचं पहिलं काम काय? बघताक्षणी ओळखू येणं. मावशीला ते परीक्षेचा पेपर वाटायला लागलं आणि तिने सोपा मार्ग काढला, सगळीच नाकारली. तिची चूक मी म्हणणार नाही. दिवसभराच्या विक्रीतली चार नाणी पुढे कुणी घेतली नाहीत, तर नुकसान तिचं आहे. विविधता मर्यादेबाहेर गेली की विश्वास कमी होतो, हे ती कोणत्याही कॅटलॉगशिवाय सांगू शकते. ज्या माणसाने रुपयाच्या स्थैर्यावर ग्रंथ लिहिला, त्याचं चित्र असलेलं नाणं ‘चालत नाही’ म्हणून परत यावं, यापेक्षा कडू विनोद मला सुचत नाही.

तिसरं नाणं. १२५ रुपये, ४४ मिलिमीटर, ३५ ग्रॅम. निम्मी चांदी, ४० टक्के तांबं, बाकी निकेल आणि जस्त. भंडारा हे पितळेच्या भांड्यांचं गाव. इथे धातू हातात घेऊन अंदाज बांधणारी माणसं आहेत, त्यांना हे आकडे लगेच कळतात. हे नाणं चलनात येत नाही. टांकसाळ आधी नोंदणी घेते आणि दर्शनी किमतीच्या कितीतरी पट रक्कम घेऊन डबी पाठवते. बरं, १२५ च का? जयंती १२५ वी होती म्हणून. गुरू गोविंदसिंहांच्या ३५० व्या वर्षाला ३५० रुपये, गुरू नानकांच्या ५५० व्या वर्षाला ५५० रुपये, तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराला हजार वर्षं झाली म्हणून हजार रुपये. २०२३ मध्ये नव्या संसद भवनाचं ७५ रुपयांचं.

माझा मुख्य आक्षेप इथे आहे. नाण्यावरचा आकडा म्हणजे किंमत. या नाण्यांवरचा आकडा म्हणजे वय. ५५० रुपयांचं नाणं देऊन कुणी काही विकत घ्यावं, अशी काढणाऱ्याचीही अपेक्षा नाही. २०११ च्या नाणे कायद्यात हजार रुपयांपर्यंतची नाणी काढायला मुभा आहे, म्हणून कागदोपत्री हे नाणं. व्यवहारात हे पदक आहे. पदक वाईट नसतं हं. काही पदकं फार सुंदर असतात. पण पदकाला पदक म्हणावं आणि त्याच्या वहीचं पान वेगळं ठेवावं.

आता आपल्याकडे वळतो. पुरवठा टांकसाळ वाढवते हे खरं, पण गुणाकार आपण करतो. देशात चार टांकसाळी. मुंबईची खूण चौकट, हैदराबादची तारा, नोएडाची टिंब आणि कोलकात्याची खूण म्हणजे खूण नसणं. २०२२ च्या जूनमध्ये अमृत महोत्सवाच्या चिन्हाची मालिका आली: एक, दोन, पाच, दहा आणि वीस रुपये. अंध व्यक्तींना ओळखता यावीत असा विचार त्यात होता, चांगली गोष्ट. संग्राहकाने मात्र लगेच हिशेब मांडला, पाच नाणी गुणिले चार टांकसाळी. मग पुढच्या वर्षाची तारीख. मग प्रूफ, मग न वापरलेला संच, मग अक्षराची जाडी, मग कडेच्या रेषा. अल्बममध्ये एक रिकामा कप्पा राहिला की झोप लागत नाही. कप्पे छापणाऱ्याने आपल्याला कामाला लावलंय.

मग सगळेच प्रकार फालतू का? नाही. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ मध्ये नाण्यांचा साठा सापडला, १३ हजारांहून जास्त. नाणी क्षत्रप नहपानाची, आणि त्यांतल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा पुन्हा मारलेला. हासुद्धा ‘प्रकार’च की! पण तो प्रकार सांगतो की सत्ता बदलली, आणि जिंकणाऱ्याने हरलेल्याचं चलन मोडीत न काढता आपल्या नावाने चालवलं. आपल्या पवनीत १९६९-७० मध्ये उत्खनन झालं, बौद्ध स्तूप उजेडात आले. तिथल्या मातीत नाणं मिळालं तर अभ्यासक आधी विचारतात, कोणत्या थरातून निघालं? थर माहीत नसेल तर नाण्याचं अर्धं बोलणं बंद होतं.

आधुनिक नाण्यालाही हीच कसोटी लावा. १९६४ मध्ये नेहरूंच्या निधनानंतर स्वतंत्र भारताचं पहिलं स्मारक नाणं निघालं. त्यातल्या पन्नास पैशांवर नाव कुठे इंग्रजीत, कुठे हिंदीत. हा फरक जमवण्यासारखा आहे, कारण देशात भाषेचा प्रश्न तापलेला असतानाचा तो फरक आहे. रुपया तांबे-निकेलचा होता तो पोलादाचा झाला, हाही फरक महागाईबद्दल बोलतो. जो फरक बाहेरच्या जगात काही घडलं म्हणून पडला तो ठेवा. जो फक्त विकण्यासाठी पाडला तो सोडला तरी चालेल.

बाहेरच्यांनी हे कसं हाताळलं तेही बघा. अमेरिकेने १९९९ ते २००८ या काळात पन्नास राज्यांची पाव डॉलरची नाणी काढली, वर्षाला पाच, आणि ती सुट्ट्या पैशांत फिरली. मुलांनी ती दर्शनी किमतीत जमवली. युरोपात दोन युरोच्या स्मारक नाण्यांवर २०१२ पासून मर्यादा आहे, एका देशाला वर्षाला दोन, सामायिक नाणी सोडून. आपल्याकडेही असं बंधन हवं: वर्षाला मोजके विषय, आणि विषय मोठा असेल तर त्याचं नाणं आधी चलनात आलं पाहिजे. तुकोबा दोन रुपयांवर शोभले, त्यांना डबी लागली नाही.

तोवर आपण काय करायचं? माझा नियम सांगतो. जे हातात चलन म्हणून आलं तेच संग्रहात. प्रत्येक नाण्यासोबत एक चिठ्ठी: कुठे मिळालं, कोणत्या तारखेला, कशाच्या बदल्यात. ‘तुमसरचा बाजार, तांदळाचे सुटे’, एवढं पुरे. ही माहिती कोणत्याही टांकसाळीला विकता येत नाही. दुसरं, विषय एकच धरा. तिसरं, ‘वैष्णोदेवीच्या नाण्याचे लाखो मिळतात’ असली जाहिरात दिसली की फोन खाली ठेवा. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितलं आहे की जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी तिचा संबंध नाही आणि तिच्या नावाने शुल्क मागणारे फसवे आहेत.

माझं म्हणणं इथे संपलं. एखादा प्रश्न असेल तर घेऊ.

प्रश्न (श्रोत्यांतील एक ताई): वडील गेले. मागे अकरा अल्बम आणि तीस-पस्तीस डब्या राहिल्या. त्यांनी पेन्शनमधून घेतल्या होत्या. आई म्हणते विकू नको, भाऊ म्हणतो विकून टाक. काय करावं?

उत्तर: ताई, घाई करू नका. तीन ढीग करा. चांदीच्या डब्या एका बाजूला. त्यांना निदान धातूची किंमत आहे, पण तुमच्या वडिलांनी मोजलेली रक्कम परत येईलच अशी आशा धरू नका, आणि एकाच व्यापाऱ्याचं ऐकू नका. चलनातली नाणी दुसऱ्या बाजूला. त्यांतली बरीचशी दर्शनी किमतीचीच असतील. ती घरातल्या मुलांना द्या, हाताळू द्या. आणि तिसरा ढीग म्हणजे वडिलांच्या हातचं जे काही लिहिलेलं असेल ते: चिठ्ठ्या, वह्या, पावत्या. आहे का तसं काही?

ताई: आहे. प्रत्येक पानामागे लिहिलंय. कुणी दिलं, कधी दिलं.

उत्तर: मग ती पानं अल्बममधून सुटी करू नका. आईंना ती वाचून दाखवा, आणि डब्यांचा निर्णय त्यानंतर तिघांनी बसून घ्या.