गांवाकडचा वकील

वकिलांनीं लिहिलेलीं आत्मचरित्रें मी सहसा हातीं धरीत नाहीं. जिंकलेल्या खटल्यांची जंत्री आणि हरलेल्यांविषयीं मौन, असाच त्यांचा बहुधा घाट असतो. जेरी स्पेन्स या अमेरिकन वकिलाचें 'द मेकिंग ऑफ अ कंट्री लॉयर' (१९९६) हें पुस्तक मात्र मी दोनदां वाचलें, आणि दुसऱ्या वाचनांत लेखकाशीं माझें भांडण जुंपलें. तें भांडणच येथें मांडावयाचें आहे.

स्पेन्सचा जन्म १९२९ सालीं वायोमिंग संस्थानांतील लॅरमी येथें झाला. बाळपण शेरिडन या लहानशा गांवीं गेलें. वायोमिंग म्हणजे डोंगर, कुरणें, गुरें आणि तुरळक मनुष्यवस्ती. एवढ्या विस्तीर्ण मुलुखाची लोकसंख्या आजहि सहा लाखांहून कमीच आहे. बाप शिकार करून घरांत मांस आणी आणि त्याच जनावरांच्या कातड्यांचे कपडे आई शिवी. १९५२ सालीं कायद्याची पदवी घेऊन रिव्हर्टन या गांवीं त्यानें वकिली मांडली. अपघातांत जायबंदी झालेल्या सामान्य माणसाच्या वतीनें बड्या कंपन्यांशीं झुंजणारा वकील म्हणून तो पुढें नांवाजला, आणि २०२५ सालीं ९६ व्या वर्षीं निवर्तला.

आपल्यांतील सारें बळ त्या डोंगरांतून व त्या घरांतून आलें, असें वाचकाच्या मनावर ठसविण्याचा लेखकाचा कटाक्ष आहे. वर्णनें सुरेख आहेत, तीं खोटीं आहेत असेंहि मी म्हणत नाहीं. परंतु हाच गांवाकडचा मुलगा कित्येक वर्षें विमा कंपन्यांचा वकील होता, त्याचें काय? डोंगर तेच, बाप तोच, आणि ज्यूरींतल्या शेतकऱ्याला आपलीशी वाटणारी बोलीहि तीच. ती बोली जायबंदी माणसाला रिकाम्या हातीं घरीं पाठविण्याच्या कामींहि तितकीच उपयोगी पडत होती. रांगडेपणा म्हणजे सचोटी नव्हे. तें एक हत्यार आहे, आणि हत्याराला पक्ष नसतो.

मग तो पालटला कशानें? स्पेन्सनें एक प्रसंग अनेकदां सांगितला आहे. मोटारीच्या अपघातांत जखमी झालेल्या एका म्हाताऱ्याचा दावा त्यानें विमा कंपनीतर्फे हाणून पाडला. पुढें लवकरच तोच म्हातारा त्याला दुकानांत दिसला. स्पेन्स ओशाळून कांहीं बोलूं लागला, तेव्हां म्हाताऱ्यानें उलट त्याचेंच समाधान केलें: आपण आपलें काम केलेंत, एवढेंच! शिव्या दिल्या असत्या तर कदाचित् स्पेन्स निभावून गेला असता. त्या क्षमेनें तो घायाळ झाला, आणि विमा कंपन्यांचीं वकीलपत्रें त्यानें सोडलीं.

माझ्या मतें त्याच्या ग्रामीणपणाचा खरा अर्थ या दुकानांत आहे, पर्वतशिखरांत नाहीं. मोठ्या शहरांत हरलेला प्रतिपक्षी कचेरीच्या दारांतून बाहेर पडतांच गर्दींत नाहींसा होतो. लहान गांवांत तो पिठामिठाच्या रांगेंत पुन्हां भेटतो, आणि त्याची लंगडी चाल पाहावी लागते. निसर्गानें माणूस चांगला होतो ही वर्ड्सवर्थच्या वाचकांची आवडती समजूत. येथें मात्र काम केलें तें शेजारानें.

डोंगरानें त्याला दिलें तें दृष्टान्ताचें सामर्थ्य. कॅरेन सिल्कवुड ही केर-मॅगी कंपनीच्या ओक्लाहोमांतील कारखान्यांत नोकरीस होती. तिच्या शरीरांत प्लुटोनियमचा अंश सांपडला, आणि १९७४ च्या नोव्हेंबरांत मोटार-अपघातांत तिचा अंत झाला. तिच्या वारसांचा दावा १९७९ सालीं स्पेन्सनें चालविला. कायद्याचा मुद्दा किचकट होता: कंपनीचा निष्काळजीपणा सिद्ध न करितां तिला जबाबदार धरतां येईल काय? स्पेन्सनें जुन्या इंग्लिश कायद्यांतला पिंजऱ्यांतला सिंह ज्यूरीपुढें उभा केला. सिंह पाळणाऱ्यानें कितीहि काळजी घेतलेली असो. सिंह सुटला कीं भरपाई त्यानें द्यावी. आपल्या खेड्यांत मारका बैल बाळगणाऱ्याला हें समजावून द्यावें लागत नाहीं. कोंडवाड्याचा दंडहि राखणदार जागा होता कीं निजला होता हें विचारीत नसे. ज्यूरीनें एक कोटी पांच लक्ष पांच हजार डॉलर देवविले. तो आंकडा टिकला नाहीं; वरच्या न्यायालयांच्या फेऱ्यांनंतर १९८६ सालीं १३ लक्ष ८० हजारांवर तडजोड झाली. परंतु अणुशक्तीचा धंदा सरकारच्या नियंत्रणाखालीं असला तरी त्याला दंडात्मक भरपाईपासून आपोआप सुटका नाहीं, हें सर्वोच्च न्यायालयानें १९८४ सालीं ५ विरुद्ध ४ मतांनीं मान्य केलें होतें.

आपल्याकडे अशा वक्तृत्वाला वाव कमी. ज्यूरी इतिहासजमा झाली, आणि मोटार-अपघाताची भरपाई न्यायाधिकरण मृताचें वय व प्राप्ति पाहून गुणकानें ठरवितें. निकालांचे आंकडे त्यामुळें बेताल होत नाहींत, हा लाभ लहान नव्हे. पण गेलेला माणूस कोण होता हें सांगण्याची सक्तीहि वकिलावर उरत नाहीं.

पुस्तक फाजील लांबलें आहे, आणि लेखकाला स्वतःच्या अश्रूंचें कौतुकहि थोडें अधिक आहे. विजयांचीं पानें चाळलीं तरी चालेल. १९४९ सालीं, लेखक वीस वर्षांचा असतांना, त्याच्या आईनें आत्महत्या केली. त्या आईविषयींचीं पानें मात्र सावकाश वाचावीं. तेथें डोंगर नाहींत, ज्यूरी नाहीं, आणि दृष्टान्तहि त्याला सुचत नाहींत.