उघड्या कांबीचं कर्णफूल

मानवेल बांबूच्या कांबीची आडवी कापलेली पातळ चकती, त्यात पितळेचा आकडा. रंग नाही, मणी नाहीत. पण हे कर्णफूल उजेडात धरून जवळून पाहावं. चकतीभर तपकिरी ठिपके दिसतात. कडेला दाटीवाटीनं, आत जाऊ तसे विरळ. हे कोरीवकाम नव्हे. पाणी वर नेणाऱ्या वाहिन्या आणि त्यांना बिलगलेले तंतू आडवे कापले की असेच दिसतात. वाऱ्यात वाकणाऱ्या कांबीवरचा ताण कडेलाच जास्त, म्हणून दाटीही तिथेच. कारागिरानं हे सगळं झाकलं नाही, यातच मला त्याची नजर दिसते.

अशी चकती मानवेलाची सहज जमते. बहुतेक बांबू पोकळ. मानवेल मात्र कोरड्या मुलखात जवळजवळ भरीव वाढतो. आपल्या बीडमध्ये बांबू म्हटला की बुरुडांची सुपं, दुरड्या, टोपल्या आठवतात. दागिने घडवण्याचं शिक्षण चंद्रपूरकडे, चिचपल्लीच्या बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रात मिळतं. तिकडे बांबूची वनं आहेत. आपल्या बालाघाट डोंगरात बहुतेक झुडपी रान, म्हणून इथला बांबू बांधावरच लावावा लागणार. बांधावरच्या बांबूलाही पूर्वी कायद्याची आडकाठी होती: 1927च्या वन कायद्यात बांबू ‘झाड’ होता. 2017च्या दुरुस्तीनं वनाबाहेरचा बांबू त्यातून सुटला. शेजारच्या लातूरचे शेतकरी नेते पाशा पटेल तर मराठवाड्यात बांबू लावा म्हणून सतत सांगत असतात.

पर्यावरणाच्या बाजूनं या कर्णफुलाचं खरं मोल बांबूच्या बेटात आहे. तीन-चार वर्षांची पक्की कांब तोडली तरी कंद जिवंत राहतो, पुढच्या पावसाळ्यात नवे कोंब येतात, माती धरलेलीच राहते. सोन्यासाठी खडक फोडून सायनाइडनं धुवावा लागतो. इथे कोयता आणि करवत पुरते. मात्र ‘हा दागिना कार्बन शोषतो’ हे बोलणं मला पटत नाही. काही ग्रॅमच्या चकतीत कार्बन मावणार किती? श्रेय द्यायचं तर उभ्या बेटाला द्यावं. आणि तिथेही एकाच जातीची लागवड सरसकट करणं धोक्याचं, कारण मानवेल काही दशकांनी सामुदायिक फुलोऱ्यावर येतो आणि त्यानंतर बेटंच्या बेटं वाळतात.

खरी अडचण पिठाची. कांबीतल्या पिठावर, म्हणजे स्टार्चवर, भुंगा येतो, मग चकतीतून बारीक भुकटी गळू लागते. जुनी माणसं पावसाळा सरल्यावर कांब तोडत, आठवडेच्या आठवडे पाण्यात बुडवून ठेवत; पीठ धुऊन जाई. हल्ली बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात भिजवतात. आर्सेनिकवाल्या जुन्या प्रक्रियेपेक्षा हे कितीतरी सौम्य, तरी उरलेलं द्रावण शेतात ओतायचं नाही.

मला सगळ्यात जास्त खटकतो तो वरचा लेप. झगझगीत रंग आणि जाड इपॉक्सी चढवली की ठिपकेही गेले आणि मातीत मिसळण्याचा गुणही गेला. हातात उरतं प्लास्टिकच्या आवरणातलं लाकूड. त्यापेक्षा घोटून जवसाचं तेल किंवा मेण लावलेली चकती हजारपट देखणी. कांबीची वरची सालच ठेवली तर सिलिकेमुळे तिला स्वतःची झळाळी असते.

बीडच्या तांड्यांवर बंजारा बायकांच्या दंडापर्यंतच्या बलिया पूर्वी हस्तिदंती असत, आता प्लास्टिकच्या असतात. तिथे बांबू आणावा असं वाटतं खरं, पण ऊसतोडीच्या फडात सहा महिने घाम, दव आणि चिखल सोसणाऱ्या हातावर बांबूच्या कड्याला बुरशी धरेल. कानातलं त्यामानानं सुखी. चकती झिजली किंवा चिरली तर ती खतात जाते. पितळेचा आकडा काढून ठेवायचा, त्यात नवी चकती बसते.