पाहुणे शब्द आणि घरची क्रियापदे

फराळाची ताटे समोर आली की भाषाशुद्धीचा विषय कोणीतरी काढतोच, आणि मग शब्दांची कुळे शोधण्याची चढाओढ लागते. हा इंग्रजी, तो फारसी, पलीकडचा पोर्तुगीज. काढा सगळ्यांना बाहेर! मला स्वतःला ही सारी चौकशी भलत्याच दाराशी चाललेली वाटते.

निदान आमच्या पालघर-बोईसरच्या किनाऱ्याला तरी ती परवडायची नाही. तारापूरचा किल्ला मराठ्यांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून घेतला. पोर्तुगीज गेले, पण चावी, बिजागरी, घमेले, पगार हे त्यांच्या भाषेतले शब्द मराठीने ठेवून घेतले. त्यातला पगारच पाहा. पोर्तुगीजांच्या घरी हे क्रियापद, अर्थ 'पैसे चुकते करणे'. आपण त्याचे नाम केले, त्याला पुल्लिंग दिले आणि वर 'पगारदार' घडवला. धड पोर्तुगीज, शेपूट फारसी, आणि महिन्याच्या एक तारखेला वाट पाहणारा माणूस अस्सल मराठी! उलट दिशेचीही ये-जा आहे. आपली ताडी इंग्रजीत 'टॉडी' झाली आणि स्कॉटलंडच्या थंडीत तिच्या नावाने गरम पाणी, साखर व व्हिस्की पिऊ लागले. मुंगूसही तिकडे जाऊन 'मंगूस' झाले.

तेव्हा कुळ सोडा, वागणूक पाहा. बोईसर स्टेशनवर कानावर पडते, "पहिली शिफ्ट सुटली, पण कंपनीची बस लागली नाही." शिफ्ट 'ती', बस 'ती', आणि प्लांट मात्र 'तो'. हे लिंग कोणत्या व्याकरणकाराने ठरवले? कोणीच नाही, बोलणाऱ्यांनी ठरवले. तिकीट तर 'तिकिटाला', 'तिकिटावर' असे घरच्यासारखे वाकते. आजोबा 'टेबलावर' म्हणत, नातू 'टेबलवर' म्हणतो. इंग्रजी शब्द दोघांच्याही तोंडी आहे. पण आजोबांच्या तोंडी तो मराठी झाला होता, नातवाच्या तोंडी पुन्हा परका होऊ लागला आहे. मला खटकते ते हे.

१९२५ साली फारशी-मराठी कोश देणारे माधव जूलियन पुढे 'भाषाशुद्धि-विवेक' लिहितात. सावरकरांच्या चळवळीतून आलेले दिनांक, महापौर हे शब्द आज आपण न अडखळता वापरतो. त्या मंडळींचे ऋण मी मानतो. पण त्यांची नजर बहुतेक नामांवर खिळलेली होती, आणि खरी गळती लागली आहे ती क्रियापदांना.

स्वयंपाकघरात जाऊन ऐका. भाजी चिरावी, सुपारी कातरावी, केस कापावेत, ऊस तोडावा, कापड बेतावे अशी आपली रीत. हातातले हत्यार कोणते आणि समोरचा पदार्थ कसा, हे त्या एकेका क्रियापदातच कळे. आता सगळ्यांचे एकच, 'कट करणे'. दूध तापत नाही, 'बॉइल' होते. टोमॅटो हा शब्द आला तेव्हा काहीच गेले नाही, कारण फळही नवेच होते. 'कट' आला आणि घरातली चार-पाच माणसे एकदम बेकार झाली. राहता राहिले एकटे 'करणे'. बोईसरच्या कारखान्यात एकाच कामगाराला तिन्ही शिफ्टी लावाव्यात, तशी त्याची आज गत आहे.