वाड्याची डागडुजी आणि प्रभाची खोली

महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ हे ढासळत्या सरंजामशाहीचं नाटक, असं आपल्याला कॉलेजात शिकवतात. ते चूक नाही. पण दारव्ह्यात जुन्या घरांची कामं बघत ते वाचलं, की मला ते डागडुजीचं नाटक वाटतं. घर नुसतं जुनं झालं म्हणून पडत नाही. ते कोणासाठी उभं ठेवायचं हे ठरत नाही, म्हणून पडतं.

एलकुंचवार आमच्याच यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचे. विजया मेहतांनी १९८५ साली हे नाटक रंगमंचावर आणलं. धरणगावच्या देशपांड्यांकडे तात्याजी गेलेत, मुंबईहून सुधीर आणि अंजली आलेत. पैसा नाही, पण तेरवी थाटात हवी. बाहेर बंद पडलेला ट्रॅक्टर गंजतोय. नवं यंत्र घरी आलं, घराची रीत मात्र तीच राहिली. एवढं सांगायला लेखकाला भाषण लागत नाही.

आमच्याकडे मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा मारतात. वरून चकाचक! पण मातीची भिंत ओल बाहेर सोडत असते. सिमेंट ती आत कोंडतं, पोपडे सुटतात, आतली माती भुसभुशीत होते. चुन्याचा गिलावा तिला श्वास घेऊ देतो. मग परसात स्लॅबची खोली निघते, दिवाळीला पुण्याहून येणाऱ्या भावासाठी. बाकी वर्षभर तिला कुलूप.

त्रयीच्या पुढच्या भागात, ‘मग्न तळ्याकाठी’त, परागमुळे घरात पुन्हा पैसा येतो. तरी घर सुखी होत नाही. म्हणजे अडचण फक्त पैशाची नव्हतीच.

मला छळते ती प्रभा. तिला शिकायचं होतं, घराण्याच्या इभ्रतीपायी राहून गेलं. चंदू नुसता राबतो. जमीन, दागिने, वाटण्या सगळ्यांवर बोलणं होतं, या दोघांचं पुढे काय यावर होत नाही. आणि एक तक्रार नाटकाबद्दलही आहे: वाडा बांधणाऱ्या, शेत कसणाऱ्या हातांना त्यातही फारशी जागा नाही. आपली हळहळ मालकांपाशीच थांबते.

तुमच्या घरी नकाशा काढायला घेतलाय? मग हे नाटक वाचा. आणि परसातल्या खोलीआधी एवढं विचारा: या घरात रोज कोण राहतं, आणि दार लावून निवांत बसायला तिला जागा आहे का?