पाल कोणाचं, बाजार कोणाचा?

बाजारात पाल लावणारा जागेची पावती घेतो. उद्या पावतीवाला म्हणाला, ‘विक्रीतला वाटाही दे, नाहीतर ऊठ’, तर?

1 मार्च 2024 ला असंच झालं. शुल्काच्या वादावरून गुगलने मुंबईच्या शादी डॉट कॉमसह काही भारतीय कंपन्यांची अ‍ॅपं प्ले स्टोअरवरून काढली. सरकार मध्ये पडलं, काही दिवसांत ती परत आली.

स्टोअरवाले सुरक्षेचं कारण देतात. ते खोटं नाही. फसवी अ‍ॅपं असतात, तपासणी हवीच. पण इथे भांडण पैशाचं होतं. राखणदार आणि वसुलीवाला एकच असला की हे दोन वेगळे करता येत नाहीत. अँड्रॉइडवर बाहेरूनही अ‍ॅप घेता येतं म्हणा; पण धोक्याच्या सूचना ओलांडून किती गिऱ्हाईक जाणार?

फिलिप पेटिट या तत्त्वज्ञाचा मुद्दा आम्हाला इथे पटतो: मालक दयाळू असला, म्हणून गुलाम स्वतंत्र होत नाही. अ‍ॅप परत आलं, ती मेहरबानी झाली. स्पर्धा आयोगाने 2022 मध्ये बिलिंगच्या सक्तीबद्दल गुगलला 936 कोटींचा दंड केला. 2025 मध्ये अपिलात तो 216 कोटींवर आला. दंड कमी-जास्त होईल. आमचं मागणं साधं आहे: वाद तटस्थ माणसापुढे मिटेपर्यंत कोणाचं पाल उठवू नये.